घोट्याशी आलेली रेघ

मी एक जुना दगड आहे, पुरानी बस्तीतल्या तळ्याकाठी, रस्त्याच्या कडेला गळ्यापर्यंत गाडलेला. मित्रांनो, मी तुमच्यावर रागावलो आहे.

तळं फुटून गल्लीत शिरलं त्या वर्षी, पाणी जिथवर चढलं तिथं पाथरवटानं माझ्या अंगावर रेघ कोरली. ती उभ्या माणसाच्या छातीला लागे. बाया येताजाता तिला हात लावत, नव्या सुनांना दाखवत. मग रस्त्यावर रस्ता चढत गेला. माझे पाय गेले, कंबर गेली. आज रेघ माणसाच्या घोट्याशी आहे आणि तिच्यावर पानाच्या पिचकाऱ्या पडतात.

शेजारचं आवार मात्र होतं तसं खालीच राहिलं. तिथं अंगणवाडी बांधायचं ठरलं. पूरनकाशाच्या कामावर आलेली कौमुदी म्हणाली, "आधी तपासू द्या."

मोहल्ल्याचे पुढारी नीलकंठराव भडकले. "दोन वर्षं धावून जागा मिळवली. आता काहून अडवून राहिली?"

"युरोपातला कायदा आधी विचारतो, पूर्वी पाणी कुठवर आलं होतं. मग नकाशा काढून लोकांना दाखवायचा, उपाय ठरवायचे, दर सहा वर्षांनी पुन्हा पाहायचं. आपल्याला तो लागू नाही, पण विचारायला काय हरकत आहे?"

"युरोपचं पाणी येते का आपल्या तळ्यात?" त्यांनी चपलेचं टोक माझ्या रेघेला लावलं. "हे पाहा, घोट्याएवढं. पोट्टे पाय धुतील."

सगळे हसले. अंगणवाडीच्या मदतनीस कांताबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "भैया, त्या पाण्यातून मले बापानं खांद्यावर नेलं होतं."

"तू तेव्हा केवढीशी. तुले काय आठवते?"

मला ओरडावंसं वाटलं. पण दगडाला तोंड कुठलं?

कौमुदीनं गवंड्याची पारदर्शक नळी आणून तिच्यात पाणी भरलं. या नळीत पाणी दोन्ही टोकांना सारख्याच उंचीवर थांबतं. एक टोक तिनं माझ्या रेघेशी धरलं. दुसरं घेऊन कांताबाई आवारात उतरल्या. मागोमाग नीलकंठरावांची पाच वर्षांची नात देवश्री उड्या मारत गेली. कांताबाईंनी टोक वर नेलं, आणखी वर. पाणी थांबलं ते देवश्रीच्या डोक्याच्याही वीतभर वर.

"आबा, मी बुडाली," ती खिदळत म्हणाली.

आबा खाली उतरले, तिला कडेवर घेतलं आणि कौमुदीकडे न पाहताच म्हणाले, "वरच्या अंगाची जागा पाहा. कागद मी फिरवतो."

माझी माफी कोणी मागितली नाही. डांबराची गाडी पुन्हा येईलच. मित्रांनो, तेव्हा माझ्याभोवती हातभर माती मोकळी सोडा. ही रेघही गाडलीत, तर पुढच्या देवश्रीला कशाशी उभं करून पाहाल?