यादी पोहोचली

"मॅडम, यादीत आमच्या वस्तीचं नाव हाय का नाय, तेवढं सांगा," भामाबाई फोनवर म्हणाल्या. फुलंब्रीच्या पलीकडच्या त्यांच्या वस्तीवर सहा दिवस टँकर आला नव्हता.

मीनाक्षीसमोर पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'यादी पोहोचली' असंच होतं. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात, सिडकोतल्या छोट्या ऑफिसात बसून ती रोज टँकरच्या यादीत वस्त्या भरायची, गिट नावाच्या नोंदप्रणालीत नोंद करून सर्व्हरवर पाठवायची. तिथून यादी ड्रायव्हरांच्या फोनवर जायची. कडुबा त्याच वस्तीत राहणारा, तिथं पाणी नेणारा ड्रायव्हर. वस्तीचं नाव फोनवर आलंच नाही, असं तो शपथेवर सांगत होता. पण त्यानं पाणी शहराबाहेरच्या बांधकामावर ओतलं असं ठरवून मालक शंतनूनं त्याला काढून टाकलं. पुरावा म्हणून तो हिरवा पडदा मीनाक्षीनंच दाखवला होता.

यादी आपोआप पाठवून तो पडदा दाखवणारी स्क्रिप्ट, म्हणजे कमांडांची फाइल, शंतनूनं लिहिलेली होती. फोन ठेवल्यावर तिनं ती बाजूला ठेवली आणि यादी पाठवायची कमांड स्वतः टाइप केली. सर्व्हरनं ती नाकारली. कमांड संपताना एक आकडा मागे ठेवते. शून्य म्हणजे काम झालं, दुसरा कुठलाही म्हणजे फसलं. तिनं आकडा पाहिला. एक होता. मग स्क्रिप्ट उघडली. आधी काहीही घडलेलं असो, शेवटी शून्यच द्यायचं, अशी तळाशी ओळ होती; म्हणून पडदा कायम हिरवाच.

शंतनूनं नाकारलं नाही. लाल अक्षरं दिसली की वरचे लोक प्रश्न विचारतात, म्हणाला. यादी नीट करा, बाहेर बोलू नका. टँकरचं कंत्राट गेलं तर या वयात तुम्हाला कोण घेणार? ते खरंच होतं. दोन वर्षं घरी बसल्यावर, सत्तेचाळिसाव्या वर्षी तिला ही खुर्ची मिळाली होती.

तिनं ती ओळ काढली, सर्व्हरवरचे अडलेले नवे बदल आधी आपल्या यादीत उतरवून घेतले आणि यादी पुन्हा पाठवली; या वेळी सर्व्हरनं ती घेतली. दुसऱ्या दिवशी वस्तीवर पाणी आलं. कडुबाला मात्र कुणी बोलावलं नाही.

तीन दिवस ती खालमानेनं काम करत राहिली. चौथ्या दिवशी, शंतनू समोर असतानाच, तिनं फोन लावला.

"कडुबा, चूक आमची होती. यादी तुमच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती."

शंतनूनं मान वर केली.

"मॅडम, जरा थांबा," कडुबा म्हणाला. "भामाबाईला, समद्यांला बोलावतो. वस्तीत माझ्याशी कुणी बोलंना झालंय. स्पीकर लावतो, तेवढं पुन्यांदा सांगा."

फोनमधून चपलांचे आवाज येऊ लागले. कुणीतरी खाकरलं. शंतनू हातानं थांबायची खूण करत होता.

मीनाक्षी खुर्चीतून उठली आणि सावकाश, पहिल्यापासून सांगू लागली.