गार अणूंची धार

मालनबाईंनी दसऱ्यापासून मीठ सोडलं होतं. लेकीच्या यंत्रातून धार निघेपर्यंत जिभेला मीठ लावायचं नाही, असा नेम. आता वैशाख सरत आला, तरी रोज पुणतांब्याहून फोन यायचा, "निगाली का गं धार?" आणि नगरच्या कॉलेजातून दीपा म्हणायची, "नाही गं आई, अजून."

धार म्हणजे अणूंची. पोलादी भांड्यातल्या अणूंची धावपळ सहा बाजूंनी लेझर रोखून थोपवायची. ते गारठून मधोमध ठिपक्यासारखे गोळा झाले, की बारीकशा भोकातून त्यांची धार सोडायची. दीपाची पीएचडी तिच्यावरच टांगलेली. अट एकच, भांड्यात हवेचा लवलेश नको, की वायू सोडत राहणारी कसलीही घाण नको. भरकटलेला एखादा कण आदळला की गारठलेला अणू उधळलाच. आणि दीपाचं भांडं काही केल्या निर्मळ होईना. पंप अहोरात्र चालवले, जोड न् जोड तपासला, नळ्या तापवून तापवून आतली ओल काढली. पडद्यावर ठिपका उमटायचा आणि बघता बघता विझायचा.

शेवटी प्रकल्पाची मुदत संपली.

"आवरायला घे, दीपा," सर म्हणाले. "यंत्र पुण्याला जायचंय."

"आणि माझं?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "बघू. दुसरा विषय घेऊ." पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याइतकी वर्षं आता तिच्याकडे नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुपारी तिनं पंपाकडची वाकडी नळी सोडवली. तिरकी करताच आतून काहीतरी घरंगळलं. करपून काळी पडलेली कागदाची पुडी, चौकोनी, एक कोपरा आत खोचलेला. अशी घडी साऱ्या जगात एकच बाई घालते. बोट लागताच कागदाचा चुरा झाला. आत राख.

खंडेनवमीला यंत्राला झेंडू वाहायला आई मुद्दाम आली होती. नळ्या तेव्हा उघड्याच होत्या. "देवाचं कायी आत ठिवू का?" तिनं विचारलं, तर सर हसले होते, "मावशी, आत देवालाही जागा नाही." मग सगळे चहाला गेले. आई तेवढी हात जोडायला म्हणून मागं राहिली.

फोन वाजला.

"निगाली का गं?"

आवाज पार खोल गेलेला. परवाच ती चुलीपाशी चक्कर येऊन पडली होती. शेजारच्या रतनबाईंनी कळवलं होतं. दीपा तळहातावरच्या राखेकडे बघत राहिली.

"निघाली, आई."

"नाथबाबा पावले. तुला सांगनार न्हवते... म्या अंगारा ठिवला हुता त्या वाकड्या नळीत. तुजे सर हसत्याल म्हनून गुपचूप."

"हो. त्यानंच झालं."

"बग. म्हनं देवाला जागा न्हाई."

"आता मीठ खा, आई."

"खाते की. आन् फुडच्या यंत्रासाठी बी पुडी धाडते."

"धाड."

खाली टेम्पो येऊन लागला होता. सवयीनं दीपाचं राखेचं बोट कपाळाकडे गेलं, आणि अर्ध्यातच थांबलं.