गहिनीनाथची घोंगडी

मित्रांनो, मी घोंगडी. जुनी, काळी आणि टोचरी. माझं बोलणंही तसंच आहे, आधीच सांगून ठेवते.

उमापूरच्या रतनबाईंनी घरच्या मेंढ्यांची लोकर कातली. विणकराने मला विणलं आणि चिंचोक्याची खळ देऊन कडक केलं. थोरला मुलगा गहिनीनाथ सिनेमात काम शोधायला निघाला, तेव्हा रतनबाईंनी मला त्याच्या खांद्यावर टाकलं.

पहिल्याच सिनेमात त्याला मेंढपाळाचं काम मिळालं. कपडेवाल्यांनी नवी मऊ घोंगडी पुढे केली, पण गडी हट्टाला पेटला. त्याला मीच हवी होते! पुढे तो कधी रखवालदार झाला, कधी चोर. कॅमेऱ्यासमोर जाण्याआधी दर वेळी माझा काठ नाकाशी धरायचा. मेंढरांचा वास छातीत भरला की त्याची भीड चेपायची. लोक नाकं मुरडत. जत्रेतल्या तंबूत सिनेमा लागला की उमापूरकर मात्र ओरडत, "आरं, ती बघा रतनबाईची घोंगडी!" मी फुगून जायची, खोटं कशाला बोलू?

आता गहिनीनाथ म्हातारा होऊन गावी परतला आहे. त्याच्या आठवणी विरत चालल्या आहेत. अशात पुण्याच्या मोहिनीताईंनी कळवलं, त्याच्या आयुष्यावर माहितीपट करायचा आहे, त्याच्याच तोंडून. सून उज्ज्वला हरखली. सासऱ्यावर तिचा फार जीव. मामा साऱ्या महाराष्ट्राला दिसणार, मग असली वास मारणारी घोंगडी कशी चालेल? तिने मला गरम पाण्यात, सुगंधी पावडरीत खसाखसा धुतलं. खळ गेली, वासही गेला.

घरी येऊन कॅमेरा लावल्यावर मोहिनीताईंनी मला त्याच्या खांद्यावर ठेवलं. त्याने काठ नाकाशी नेला आणि मला बाजूला सारलं. "ही कुणाची हाय? आमची न्हाई."

पुढे तो बोललाच नाही. वाट पाहून मंडळी निघून गेली. इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

"कावून धुतली गं पोरी?" गहिनीनाथचा धाकटा भाऊ आश्रुबा म्हणाला. तो अजून मेंढरं राखतो. "घोंगडी उन्हात टाकावी, झटकावी. साबण लावीत न्हाईत तिला."

"मामा चांगले दिसावेत म्हणून केलं हो," उज्ज्वला रडत म्हणाली.

आश्रुबाने मला नेऊन मेंढ्यांखाली अंथरलं. बरेच दिवस कोकरं माझ्यावर लोळली.

मेंढरांचा वास घेऊन मी घरी परत आले, त्या सकाळी उज्ज्वला भाकरी थापत होती. गहिनीनाथने मला पांघरलं, काठ नाकाशी धरला. त्याची पाठ ताठ झाली.

"कॅमेरा लागला का?"

घरात कुठला कॅमेरा! पिठाचे हात तसेच ठेवून ती म्हणाली, "लागला, मामा. बोला तुमी."

तो बोलला. आईचं, तंबूचं, पहिल्या सिनेमाचं. भाकरी करपली तरी ती हलली नाही. दुपारी त्याने तिलाच विचारलं, "तू कुणाची गं?"

मित्रांनो, जुन्या माणसांना आणि वस्तूंना जपा, असं सगळेच सांगतात. मी एवढंच सांगेन, आम्हाला धुवायला घेण्याआधी एकदा आमचा वास घेऊन बघा. तो माहितीपट परवा दाखवला. त्यात गहिनीनाथ गप्प बसलेला आहे, आणि त्याच्या शेजारी मी, स्वच्छ धुतलेली.