मी बघतो

मुलाखत घेणाऱ्या बाई गोड हसून म्हणाल्या, "पाच वर्षांचा खंड चालेल हो. फक्त एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पाने स्वीकारलेली तुमची एक दुरुस्ती दाखवा, सोमवारपर्यंत." चालेल म्हणे. मी काय पाच वर्षं झोपा काढत होते? मुलगी वाढवत होते. पण त्या नोकरीवर मी जीव टाकून बसले होते, म्हणून गप्प राहिले.

रोज वापरते त्याच ब्राउझरच्या तक्रारींची यादी उघडली. ब्राउझर फुकट, कोड सगळ्यांना खुला, दुरुस्ती कुणीही करावी. नवशिक्यांसाठी सोप्या तक्रारी वेगळ्या काढलेल्या, केवढी ती माया. फक्त प्रत्येकीखाली कुणीतरी 'मी बघतो' लिहून आपलं नाव लावून ठेवलेलं. बघे ढीगभर, करणारा एक नाही.

शेवटी एक जमण्यासारखी सापडली. अक्षरं मोठी केली की डाउनलोडच्या चौकटीतलं बंद करायचं बटण गायब व्हायचं. दुपारभरात मी ते ठीकही केलं. पण त्या तक्रारीवर 'रात्रपाळी' असं टोपणनाव घेतलेल्या कुणा महाभागाने आठ महिन्यांपूर्वीच हक्क सांगितलेला. नियम असा, की आधी त्याला विचारायचं. विचारलं, "आपण यावर काम करताय का?"

बाहेरच्या खोलीत नवऱ्याचा फोन वाजला.

"काय माणसं असतात," तो सोफ्यावरून फोनवर बोटं चालवत म्हणाला, "जरा म्हणून धीर नाही."

माझ्या पडद्यावर उत्तर उमटलं, "हो, बघतो. या आठवड्यात नक्की."

मी चाटच पडले. नऊ वाजता घोरायला लागणारा हा माणूस, रात्रपाळी! आणि हेच वाक्य बाथरूमच्या गळक्या नळाबद्दल मी वर्षभर ऐकतेय, रोज बादली ओतत. हसू आलं, मग रडूच आलं. माझी नोकरी याच्या 'बघतो'खाली अडकली होती आणि याला पत्ताही नव्हता.

डोळे पुसले आणि प्रकल्प सांभाळणाऱ्यांना तिथेच, सगळ्यांसमोर लिहिलं, "हे गृहस्थ आमचे यजमान. घरचा नळही ते वर्षभर बघताहेत. दुरुस्ती सोबत जोडली आहे. काम माझ्या नावावर करावं."

फोन पुन्हा वाजला. मग तक्रारीवरचं 'रात्रपाळी' हे नाव निघालं.

रविवारी दुरुस्ती स्वीकारली गेली. संध्याकाळी तो हातात पाना घेऊन दारात उभा राहिला.

"नळाचं बघतो आता."

"राहू दे. प्लंबर येऊन गेला."

"कधी?"

"तू बघतो म्हणत होतास तेव्हा."