रिकाम्या बॅगेचे मैल

मित्रांनो, गती आणि गंतव्य या दोन निराळ्या वस्तू आहेत. ज्याला कोठे तरी पोहोचायचे असते, त्याला गती शोभते. ज्याला केवळ आपण हिंडलो याची नोंद हवी असते, त्याची गत घाण्याच्या बैलासारखी होते. बैलाच्या मानेवर जू निदान दुसऱ्याने ठेवलेले असते, आणि त्याच्या फेऱ्यांतून तेल तरी निघते. मी ज्याची गोष्ट सांगणार आहे, त्याने आपले जू आपल्याच हाताने, हौसेने, मानेवर चढवून घेतले होते, आणि त्याच्या फेऱ्यांतून काहीही निघत नव्हते.

मी एक जुनी चामड्याची बॅग आहे. माझा जन्म दुकानात झाला नाही. कृत्रिम पाय घडवणाऱ्या एका कारागिराने, पायांच्या पट्ट्यांसाठी आणलेल्या चामड्यातून उरलेले तुकडे जोडून मला शिवले. माझी शिवण दुहेरी आहे आणि माझे तोंड चांगले रुंद आहे, कारण त्यातून गुडघ्यासह पाय आत जायचा होता. माझ्या झाकणाच्या आतील बाजूस त्याने तापलेल्या लोखंडाने आपल्या कार्यशाळेचा पत्ता डागला. "शाई पुसते, हे पुसत नाही," तो आपल्या थोरल्या लेकीला म्हणाला. ती तेव्हा त्याच्याशेजारी बसून पट्ट्यांना भोके पाडत असे.

माझ्या कामाची वर्षे अशी गेली. कारागीर गावोगाव जाई आणि माझ्या पोटातून लोकांचे पाय नेई. एकदा आगगाडीत तिकीट तपासनिसाने संशयाने मला उघडायला लावले. आत तीन पाय पाहून तो समोरच्या बाकावर मटकन बसला.

"हे पाय कुणाचे?" त्याने विचारले.

"ज्यांच्याकडे चाललोय त्यांचे," कारागीर म्हणाला. "एक डावा पाय वाट बघून कंटाळला असेल, तेवढं मला पुढच्या ठेशनावर उतरू द्या."

त्या डाव्या पायाचा धनी एक पोस्टमन होता. पाय बसल्यावर तो अंगणात चालला, मग रस्त्यावर चालला, आणि निघताना कारागिराला हात लावू न देता मला स्वतः उचलून आगगाडीपर्यंत घेऊन आला. मित्रांनो, मी पुष्कळांच्या हातांत राहिले आहे. त्या हाताचा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

कारागीर गेल्यावर वाटणी झाली. थोरलीने हत्यारे, बाक आणि अर्धवट राहिलेली कामे घेतली. धाकट्याने, म्हणजे तिच्या भावाने, कार्यशाळेभर नजर फिरवली आणि मला उचलले.

"एवढी दिसायला बरी आहे, ताई. हल्ली असल्या जुन्या वस्तूंची फॅशन आहे."

"ने," थोरली म्हणाली. "तिला रिकामी ठेवू नकोस, म्हणजे झालं. चामडं रिकामं राहिलं की आखडतं."

धाकटा दूरच्या शहरात एका मोठ्या कचेरीत हुद्द्यावर होता. आरंभी कामासाठी त्याला विमानाने जावे लागे, तेव्हा मी सोबत असे आणि माझ्या पोटात निदान कपडे असत. पुढे विमान कंपनीने त्याला एक चंदेरी कार्ड दिले. कंपनी त्याने उडून काटलेले मैल त्याच्या नावावर जमा करी, आणि साठलेल्या मैलांवर फुकट तिकीटही निघे; मैल वाढले तेव्हा सोनेरी कार्ड दिले. ते कार्ड असले की विमानतळावरच्या खास दालनात, म्हणजे लाउंजमध्ये, रुंद खुर्चीत बसता येई, फुकटचे सूप पिता येई, आणि विमानात चढताना इतरांना थांबवून आधी सोडत. ज्याच्या बापाने लंगड्यांना चालते केले, त्याला धडधाकट माणसांच्या चार पावले पुढे चालण्यात परमार्थ दिसू लागला.

सोनेरी कार्ड दरवर्षी नव्याने मिळवावे लागे. ज्या वर्षी कामाचे मैल कमी पडत, त्या वर्षअखेरीस धाकटा संध्याकाळी एकटाच विमानतळावर जाई, कोणत्या तरी शहराचे तिकीट काढी, रात्रभर उडे, तेथे उतरून आतल्या आतच परतीच्या विमानात बसे आणि सकाळी घरी येई. न तेथे काम, न कोणी भेटायचे. तेथील रस्त्यावर ऊन आहे की धुके, हेही तो पाहत नसे. रिकाम्या हाताने गेले तर कर्मचारी विचित्र नजरेने पाहतात, म्हणून तो मला बरोबर घेई, तेही रिकामीच. ज्या पोटातून परक्यांचे पाय गेले, त्यात आता वारा भरून तो मला विमानात मिरवत असे. त्या फेऱ्यांमध्ये माझे चामडे आखडले. त्याने कधी तेलाचा हात फिरवला नाही.

तो लज्जित असता, तर मी क्षमा केली असती. पण लाउंजमध्ये त्याच्यासारखेच आणखी भेटत, आणि त्यांच्या गोष्टी मला खुर्चीशेजारी बसून ऐकाव्या लागत.

"कुठे निघालात?" एकदा एका टकलू गृहस्थाने विचारले.

"जातोय आणि येतोय," धाकटा म्हणाला.

"वा. मीही. मी तर यंदा वाटेत तीन विमानं बदलून जातो, सरळ विमान घेतच नाही. वाकडं गेलं की मैल जास्त."

"आणि झोप?"

"झोपेचे मैल मिळत नाहीत हो."

दोघे मनापासून हसले आणि सूप आणायला उठले. कोंबडासुद्धा उकिरडा उकरतो तो दाण्यासाठी. हे दोन विद्वान उकरण्याचे गुण मोजत बसले होते.

आता मुख्य प्रसंग सांगते. थोरली एव्हाना म्हातारी झाली होती, पण कार्यशाळा चालवत होती. तिचा एक डोळा पूर्वीच निकामी झाला होता आणि दुसऱ्यात मोतीबिंदू वाढला होता. पट्ट्याचे भोक कोठे पाडायचे ते तिला बोटांनी चाचपून ठरवावे लागे. शस्त्रक्रियेची तारीख एकदा चुकली होती, कारण घरचे माणूस सोबत असल्याशिवाय इस्पितळात तिला आत घेत नव्हते, आणि तिच्याजवळ कोणी नव्हते. शेजारची शिवणकाम करणारी मैत्रीण या वेळी मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. दुसरी तारीख आली तेव्हा थोरलीने भावाला फोन केला. मी त्याच्या खोलीत कपाटावर होते.

"एक दिवस ये, धाकट्या. नुसतं इस्पितळाच्या बाकावर बसायचं आहे."

"ताई, वर्षअखेर आहे. एक दिवससुद्धा निघत नाही गं."

"ही तारीख गेली तर पुढची कधी मिळेल ते सांगत नाहीत."

"बघतो," तो म्हणाला. मित्रांनो, "बघतो" हा नकाराचा इस्त्री केलेला सदरा आहे.

तीच ती वर्षअखेर. सोनेरी कार्डाला थोडे मैल कमी होते. धाकट्याने तिकिटे धुंडाळली, आणि त्याला हवे तेवढे अंतर नेमके बहिणीच्या शहराचे भरले. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी त्याने मला कपाटावरून खाली घेतले.

आत्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठाऊक असलेल्या त्याच्या लेकीने शहराचे नाव ऐकले. "बाबा, आत्याकडे चाललात ना?"

त्याच वेळी त्याचा फोन वाजला. त्याने हात हलवला. त्या हात हलवण्याचा अर्थ हो की नाही, हे त्यालाही ठाऊक नसावे. लेकीने तो हो असा घेतला. बहिणीच्या गावी चाललेला भाऊ बहिणीकडे जात नसेल, हे तिच्या कल्पनेतही येणारे नव्हते. तिने माझे तोंड उघडून आत एक मऊ शाल, सैल गाऊन आणि शस्त्रक्रियेनंतर घालायचा काळा चष्मा ठेवला. कितीतरी दिवसांनी माझ्या पोटात काही तरी कोणासाठी तरी होते. धाकट्याने मला उचलले, तेव्हा त्याला वजनात फरक जाणवला नाही. ते वजन जाणवायला दुसऱ्या जातीचा हात लागतो.

लाउंजमध्ये त्या दिवशी सुपाबरोबर पुडिंगही होते. त्यापायी तो दाराशी सर्वांच्या शेवटी पोहोचला.

"सर, वर जागा राहिली नाही. ही बॅग खाली सामानात जाईल," दारावरची कर्मचारी म्हणाली.

"मी गोल्ड मेंबर आहे."

"सर, आज अर्धं विमान गोल्ड आहे. बाकीचे वेळेवर आले."

मला चिठ्ठी लागली आणि मी विमानाच्या पोटात गेले. त्याच्या लक्षात आले नाही ते हे, की सामान बाहेरच्या फिरत्या पट्ट्यावर येते, आणि ते घ्यायला दाराबाहेर पडावे लागते. ज्याला कोठे तरी जायचे असते, त्याच्या हातून ही चूक घडूच शकत नाही.

विमान उतरले. बाहेर पडून मला घ्यावे तर परतीचे विमान चुकते आणि मैल जातात. धाकट्याने काय ठरवले असेल, ते तुम्ही ओळखलेच. नाही तरी रिकामीच आहे, असे त्याने म्हटले असावे. ज्या शहरात त्याची थोरली बहीण जागी बसली होती, त्याच्या उंबरठ्यावरून तो पाठ फिरवून पुन्हा आकाशात गेला.

मी पट्ट्यावर गोल गोल फिरत राहिले. सर्व सामान गेले तेव्हा एका हमालाने मला उचलून हरवलेल्या सामानाच्या खिडकीशी नेले. तेथील बाईंनी संगणकात पाहिले.

"हा माणूस उतरला आणि लगेच परत गेला."

"मग आला कशाला?" हमालाने विचारले.

"मैल गोळा करायला. असतात असे."

"मैल? आणि ठेवतो कुठे ते?"

बाई हसल्या. त्यांनी माझे झाकण उघडले आणि डागलेला पत्ता वाचला. "अरे, पत्ता तर इथलाच. कोणाच्या तरी आजारपणाचं सामान दिसतंय. सकाळच्या पहिल्या गाडीतच टाक."

अशा रीतीने मी माझ्या जन्मघरी परतले. थोरली इस्पितळात जायला तयार होऊन ओट्यावर बसली होती; सोबत कोणी नाही हे ठाऊक असूनही. गाडीवाल्याने मला तिच्या मांडीवर ठेवले. तिने मला पाहिले नाही. तिने माझ्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि ओळखले. मग झाकणाखालचा पत्ता बोटांनी वाचला. कारागिराने शाई का वापरली नव्हती, ते मला त्या दिवशी कळले.

तिने भावाच्या घरी फोन लावला. लेकीने उचलला.

"आत्या, बाबा पोचले ना?"

"बाबांची बॅग पोचली," थोरली म्हणाली. "आतलं सामान तुझं दिसतंय. शाल छान आहे हो."

पुढचे मला लेकीनेच सांगितले, म्हणजे इस्पितळात ती आत्याला सांगत होती तेव्हा मी पलंगाखाली होते. धाकटा घरी पोहोचला तो लेक दारातच उभी.

"बाबा, तुमच्या मैलांवर मला आत्ताच्या आत्ता तिकीट काढून द्या."

"असं घाईत काढलं तर मैल दुप्पट जातात, बेटा."

"तुम्ही आत्याच्या गावात उतरला होतात."

त्याने कार्ड खिशात ठेवले म्हणे. मग तिकीट काढायला त्याने आपला फोन तिच्या हातात दिला. एवढे एक कर्म मी त्याच्या खात्यावर जमा धरते. याहून अधिक नाही. भाची येते आहे असे कळवल्यावर इस्पितळाने थोरलीचा क्रम दुपारनंतर ठेवला, लेक धावत येऊन बाकावर बसली, आणि शस्त्रक्रिया नीट झाली. वर्षानुवर्षे जमवलेल्या त्या सगळ्या मैलांत एवढाच काय तो प्रवास झाला.

विमान कंपनीने पुढे बॅग हरवल्याच्या गैरसोयीबद्दल धाकट्याला थोडे मैल भेट दिले. त्याने ते परत केले नाहीत. काही दिवसांनी त्याचा बहिणीला फोन आला.

"ताई, ती बॅग पार्सलनं पाठवतेस का?"

"नाही," थोरली म्हणाली. "ये आणि ने. रस्ता विमानतळाच्या दारापासून सुरू होतो, विचारत विचारत ये."

तो अजून आलेला नाही. थोरली मात्र आता भोके डोळ्यांनी पाहून पाडते. तिने मला तेल लावले, आखडलेले चामडे हळूहळू सैल केले, आणि पुढच्या आठवड्यात माझ्या पोटातून एका सुताराचा उजवा पाय जायचा आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला रिकामी मिरवू नका आणि रिकामी विसरूही नका. ती ज्यासाठी घडली, ते काम तिच्या हाती द्या. माणसांचेही तसेच आहे.

थोरलीची नजर स्थिर राहो. लेकीला तिच्या शालीची ऊब जन्मभर पुरो. त्या खिडकीपाशी बसलेल्या बाईंच्या हातून असेच पत्ते वाचले जावोत. आणि धाकट्याला कधी तरी विमानातून उतरल्यावर उजेडाच्या दिशेने चार पावले टाकण्याची बुद्धी होवो. दाराशी खुंटीवर मी आहे. मी त्याला ओळखेन.