गळेपडू

मित्रांनो, मी घनदाट वर्षावनातला एक जुना वड आहे. झाडं मातीत जन्मतात. मी मात्र थेट आभाळात जन्मलो. पाखराने खाल्लेल्या फळातलं एक बी उंच झाडाच्या बेचक्यात पडलं, ते मी. देवाने पेरलं, पाखराने फक्त पोहोचवलं. तिथून मी मुळांचे दोर खाली सोडले. जमीन लागली तसा मला जोर आला आणि त्या झाडाच्या खोडाभोवती माझी जाळी घट्ट होत गेली.

नेमका त्याच खोडावर नदीकाठच्या होडीवाल्याचा डोळा होता. त्याची त्याला मोठी होडी करायची होती. माझा विळखा पाहून त्याचं पित्त खवळलं. मला गळेपडू म्हणत तो कुऱ्हाड घेऊन आला. माझी पाचावर धारण बसली. सोबत त्याची बायको होती. तिने नुसती मान वर केली. रानात दुसरं काहीच पिकलं नव्हतं आणि पाखरं, माकडं माझ्या फळांवर तुटून पडली होती.

"अहो, जेवणाऱ्यांना ताटावरून उठवणार का?" ती म्हणाली.

"आणि माझी होडी?"

"लहान होईल. तुम्हाला कुठे समुद्रावर जायचंय?"

तो धुसफुसत परत गेला. नाव मात्र मला चिकटलं ते चिकटलंच.

ज्या झाडाने मला खांद्यावर वाढवलं, ते माझ्या सावलीत हळूहळू वाळलं आणि मातीला मिळालं. त्याच्या जागी माझ्या पोटात गाभाऱ्यासारखी पोकळी राहिली. होडीवाल्याची बायको तिथे बसून देवाची गाणी म्हणायची. सूर असा घुमायचा की माझं पानन्‌पान डोलायचं.

वर्षं गेली, त्यांना नात झाली. मग एका दुपारी नदी त्यांच्या घरात शिरली. होडी दोर तोडून वाहून गेली. नातीला पाठीशी बांधून दोघं माझ्याकडे धावली आणि आतल्या मुळांवर शिडीसारखे पाय देत वर चढली. खाली पाणी उसळत होतं, शेजारची झाडं उन्मळत होती. मी सगळी मुळं रोवून उभा राहिलो. पाणी ओसरलं, तरी होडीवाल्याने माझ्या मुळाला मारलेली मिठी काही सुटेना.

"काय हो," बायको म्हणाली, "आता गळेपडू कोण?"

"मीच बाई, मीच," तो म्हणाला. नातीला हसू फुटलं, मग त्या दोघांनाही, आणि माझी पोकळी त्या हसण्याने भरून गेली.

मित्रांनो, आता त्या नातीची मुलं माझ्या पोटात लपंडाव खेळतात. तुम्हीही या. फक्त कुठल्याही झाडावर कुऱ्हाड उचलण्याआधी एकदा मान वर करा आणि बघा, वर कोणाची पंगत बसली आहे.