जैतूनबीच्या हाताखाली वाजलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. पुण्याच्या एका कारागिराने मला सागवानात घडवले. राहुरीजवळच्या एका गावातील पुंजाराम नावाच्या शेतकऱ्याच्या वडिलांनी मला मारुतीच्या देवळासाठी आणले आणि त्यांच्यामागे पुंजारामच मला वाजवू लागला. शनिवारचे भजन हे माझे काम. गावात मला मान होता. पण खरे सांगते, इतकी वर्षे मी नुसती वाजत होते. गाणे म्हणजे काय, ते मला १९७२ साली गावच्या दर्ग्याच्या उरुसात कळले.

त्या उरुसाला नगरची जैतूनबी आली होती. सूफी कलाम आणि सिनेमाची गाणी ती सारख्याच जिवाने गायची. एसटीच्या टपावरून उतरवताना तिची पेटी पडून फुटली. पुंजाराम तिच्या गाण्यावर जीव टाकणारा माणूस. त्याला राहवले नाही. मला डोक्यावर घेऊन तो भर दुपारी दर्ग्यापाशी गेला. जैतूनबीने दोन सूर दाबून पाहिले आणि ती म्हणाली, "दादा, लई मायेनं ठेवलीय पेटी."

मग ती गायली. देवाला सजण म्हणून हाक मारणारे ते कलाम होते. तिचा आवाज जरा जाडाभरडाच, पण वरच्या सुराला लागला की ऐकणाऱ्याच्या हातातला घास हातातच राहावा असा. पहिल्या रांगेत भजनी मंडळाचे प्रमुख काकासाहेब उपरण्याने डोळे पुसत होते. पुढे सिनेमाचे गाणे झाले, तेव्हा "वा बाई, पुन्यांदा म्हना!" असे तीन वेळा ओरडले तेही काकासाहेबच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तांब्या घेऊन देवळात आले.

"पेटीला विटाळ झालाय," ते म्हणाले.

पुंजाराम पुढे धावला. "काकासाहेब, काल मान डोलवत हुता, तवा विटाळ न्हवता व्हय?"

"ऐकनं येगळं, देवाची वस्तू येगळी." असे म्हणून त्यांनी माझे झाकण उघडले आणि तांब्याभर गोमूत्र माझ्या पोटात ओतले.

गोमूत्राचा वास मला नवा नव्हता. देवळाच्या भिंतीला लागूनच गोठा होता. मला शिसारी आली ती माणसाची. कारण ओतता ओतता काकासाहेब गुणगुणत होते, आणि गुणगुणत होते ते जैतूनबीचेच कालचे गाणे!

महिनाभरात माझ्या सुरांच्या पितळी पट्ट्यांवर हिरवा थर चढला. भात्याचे चामडे कुजले. माश्या घोंगावू लागल्या. मग मंडळातलेच लोक नाकाला धोतराचा सोगा लावून म्हणाले, "घान येती, टाकून द्या." पुंजारामची बायको केशरबाई हे ऐकून तडक देवळात शिरली. "सासऱ्यांनी देवाला दिल्ती, असल्यांना न्हाई," ती म्हणाली आणि मला उचलून घरी घेऊन आली.

पुंजारामने मला नगरला जैतूनबीकडे नेले. तिने झाकण उघडले आणि वासानेच तिला सगळे कळले.  मग ती हळूच म्हणाली, "वळवाच्या पावसात भिजली असंल, दादा."

त्याला लाज वाटू नये म्हणून ती तसे म्हणाली. त्या दुष्काळी सालात वळवाचा थेंबही पडला नव्हता. तिचे बोलणे धरून घेणे पुंजारामला किती सोपे होते! पण त्याने मान खाली घातली.

"पाऊस न्हाई, बाई. आमच्या गावानं वतलं. तुमी वाजवली म्हनून."

जैतूनबीने भात्याचे कुजलेले चामडे काढून नवे लावले. मऊ फडके घेऊन ती एकेक पट्टी पुसत बसली. तीन दिवस लागले. दोन सूर मात्र कायमचे मुके झाले.

पुढे मी पुन्हा वाजू लागले हे कळल्यावर मंडळाने मला परत मागितले. पुंजाराम म्हणाला, "काय वतायचं ऱ्हायलंय का अजून?" पुन्हा कोणी आले नाही.

आज मी त्याच्या माजघरात आहे. मित्रांनो, पेटीला ओलीपासून जपा, उंदरांपासून जपा. पण ज्याच्या गळ्याने तुमचे डोळे भरून येतात, त्याचा हात लागला म्हणून वस्तू धुवायला निघू नका. माझा गंज जैतूनबीने पुसला. काकासाहेबांची किळस मात्र अजून माझ्या पोटात तशीच आहे.